कडू प्यायला इटलीला

इटलीला जाऊन आलेली माणसं झुकत्या मनोऱ्याला टेकू दिल्याचा फोटो काढतात आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना चॉकलेटं वाटतात. मी यातलं काही केलं नाही. मी भांडणापायी गेले होते. ज्याच्याशी भांडण होतं तो माणूस नाशिकलाच, गंगापूर धरणाच्या अंगाला, आपल्या द्राक्षबागेत आरामात बसला होता. पण त्याच्या तोंडावर फेकायचा पुरावा इटलीत मिळणार होता, म्हणून एवढा लांबचा फेरा.

भांडण आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझा धंदा काष्ठौषधींचा. वाळलेली मुळं, साली, काड्या, बिया. हिरडा, बेहडा, गुळवेल, किराईत, वेखंड, जे मागाल ते. भद्रकालीत फुटपाथवर गोणपाट टाकून शिकेकाई विकत सुरुवात केली आणि आज पंचवटीत स्वतःचं गोदाम आहे. मागे ना सासरचा पैसा होता ना कुणाची ओळख. तोंड आणि नाक, एवढंच भांडवल. तोंड भावासाठी, नाक मालासाठी. पेठ तालुक्यातल्या तीसेक बायका माझ्यासाठी रानातून माल गोळा करतात, आणि कुठली गोणी कुणाची हे मी डोळे मिटून सांगू शकते.

तर या द्राक्षबागवाल्यांनी, मी त्यांना शेठ म्हणते, वाइनबरोबर द्राक्षाची ब्रँडी गाळायला घेतली होती. त्या ब्रँडीचा त्यांना अमारो करायचा होता. अमारो म्हणजे इटलीतलं कडूगोड मद्य. दारूत मुळं, साली, फुलं मुरवायची, गाळायची, साखर घालायची आणि जेवणानंतर पचनासाठी घोटभर प्यायची. शेठ म्हणाले, "ताई, वनस्पती नाशिक जिल्ह्यातल्याच हव्यात. तुमच्याशिवाय कोण देणार?" मी लगेच पेठला निरोप धाडला, यंदा गुळवेल आणि किराईत दुप्पट लागणार. सौदा पक्का व्हायच्या आधी बोलू नये हे मी इतरांना शिकवते. या खेपेला मीच बोलून बसले.

श्रावणात शेठनी चव बघायला बोलावलं. काचेचं दालन, बाहेर हिरवीगार बाग, टेबलावर माझ्या मालाचे अर्क ओळीनं मांडलेले. पुण्याहून कुणी चवीचा सल्लागार आणला होता. त्यानं गुळवेलीचा ग्लास नाकाशी नेला आणि असा बाजूला सरकवला जणू त्यात पाल पडली होती.

शेठ म्हणाले, "ताई, मालाला काढ्याचा वास येतोय. अमारोला असा वास नसतो."

"कडू काडीला काढ्याचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार?"

"तसं नाही. तुमचं नाकच काढ्याचं झालंय. त्याला तुम्ही तरी काय करणार?"

सगळे हसले. सल्लागार हसला, चहा घेऊन आलेली बाईसुद्धा हसली. शेठनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर तयार अर्क इटलीहून मागवू म्हणाले. मी चहा न पिता उठले. तीस बायकांची वर्षभराची मेहनत एकीकडे राहू द्या. माझ्या नाकाला कुणी नाव ठेवलेलं मी आजवर ऐकून घेतलं नव्हतं.

माझी भाची प्राची चार वर्षं इटलीत तोरिनो शहरात नोकरी करते. ती बरेच दिवस बोलावत होती. मी ठरवलं, तिथल्या खऱ्या अमारोवाल्याकडे माझा माल न्यायचा, त्याला हुंगायला लावायचा आणि त्याच्या सहीनिशी लिहून आणायचं की माल अस्सल आहे. ती चिठ्ठी शेठच्या टेबलावर आपटायची.

पितृपक्षात निघाले. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, या दिवसांत कुणी शुभकार्याला निघतं का?" मी म्हटलं, शुभकार्याला कोण चाललंय?

तोरिनो

शहर देखणं आहे. कमानींचे रस्ते इतके लांब की पावसात छत्री न उघडता मैलभर जाता येईल. पण मला शहर बघायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी प्राचीला म्हटलं, "मला कडू पाज."

माझ्या घरात बाटली कधी आलेली नाही. त्यामुळे छप्पन्नाव्या वर्षी भाचीबरोबर बारमध्ये शिरताना मी पदर नीट केला, देवळात शिरताना करतात तसा. आत मात्र काही भयंकर नव्हतं. आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, एक बाई पिशवीतली भाजी निवडत बसली होती. भिंतीवर पन्नासेक बाटल्या, प्रत्येकीवर डोंगर नाहीतर साधू नाहीतर सिंह. प्राचीनं सांगितलं, जेवणाआधी भूक लागावी म्हणून एक कडू आणि जेवणानंतर पचावं म्हणून दुसरं.

"म्हणजे आपल्याकडचं आलंलिंबू आणि ओवा."

"साधारण तसंच. फक्त आत्या, हळू बोल."

बारवाल्यानं बोटभर तपकिरी द्रव ओतला. आधी हुंगलं. मग घोट घेतला. पहिल्यांदा साखर, तिच्या मागून संत्र्याची साल, आणि गिळल्यावर, अगदी सावकाश, जिभेच्या मुळाशी कडू. त्या कडूतली माणसं मला एकेक करून ओळखू आली. दालचिनी. वेलची. रेवाचिनीचं मूळ. आणि वेखंड! लहान बाळाला गुटीत उगाळून देतात तेच वेखंड. मी बोटं मोजत मोठ्यानं नावं घेतली आणि प्राचीला म्हटलं, "विचार त्याला, बरोबर का?"

तो म्हणाला, माहीत नाही, सिन्योरा. गुपित आहे.

"तुझ्या दुकानात विकतोस त्यात काय आहे ते तुला माहीत नाही?"

"फक्त बनवणाऱ्याला माहीत."

माझं डोकं तापलं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक एका पुडीसाठी दहा प्रश्न विचारतं आणि मी दहाही उत्तरं देते. इथे 'माहीत नाही' याचीच किंमत लावतात. दुसरी बाटली मागवली. ती काळी, औषधी, तोंडात पुदिना आणि मागे हिराबोळ. हिराबोळ! आमच्याकडे बाळंतीण तो नाक दाबून गिळते. शेजारचा आजोबा तोच बर्फ न घालता चाखत होता आणि मान डोलवत होता.

त्या आजोबाकडे बघून मला जो राग आला तो अजून गेला नाही. आम्ही कडूचं काय केलं? आजाऱ्याला दिलं, बाळंतिणीला दिलं, पोराला शिक्षा म्हणून दिलं. पाडव्याला कडुलिंबाची एवढीशी गोळी, तीही गूळ लावून आणि तोंड वेडंवाकडं करून. एवढ्या रानांत एवढं कडू उगवतं आणि आम्ही त्याला कधी पाहुण्यासमोर ठेवलं नाही. या लोकांनी तेच काचेच्या ग्लासात घातलं, वर संत्र्याची चकती लावली आणि माझ्याकडून एका घोटाला एवढे पैसे घेतले की तेवढ्यात मी एक गोणी हिरडा उचलते.

"तीन घेतले तर काय कमी करशील?" मी विचारलं.

प्राचीनं हे भाषांतर करायला नकार दिला. मी बोटांनी विचारलं. बारवाल्याला कळलं; तो हसला आणि शेंगदाण्यांची वाटी पुढे केली. एक पैसा कमी केला नाही.

एत्तोरेचं गाव

तोरिनोहून दोन तासांवर डोंगरात एक खेडं आहे. तिथे एत्तोरे नावाचा म्हातारा आणि त्याची मुलगी लुचिया, दोघंच मिळून अमारो बनवतात. प्राचीच्या ऑफिसातल्या कुणी त्यांचं नाव सुचवलं होतं. बस वळणं घेत चढत होती आणि मला सापुताऱ्याकडचा रस्ता आठवत होता. फरक एवढाच की इथे कठड्यावर माकडं नव्हती आणि ड्रायव्हर कुणाला शिव्या देत नव्हता. मला जरा चुकल्यासारखं झालं.

एत्तोरे ऐंशीच्या घरातला, उंच, कान मोठे, बोलणं कमी. लुचिया चाळिशीची आणि बापावर सतत खेकसणारी. ती मला तिथेच आवडली. मी पुड्या बाहेर काढल्या नाहीत. आधी भाव, मग माल, हा माझा नियम. मी म्हटलं, दोन दिवस तुमच्याबरोबर काम बघू द्या, माझा माल तपासा आणि शेवटी लिहून द्या. काय घ्याल?

लुचियानं आकडा सांगितला. मी निम्मा सांगितला. तिनं बापाकडे पाहिलं, बापानं खांदे उडवले. मी थोडी वर आले. तिनं तोच आकडा पुन्हा सांगितला, जणू मी पहिल्यांदा ऐकलाच नव्हता.

मग मी नाशिकमध्ये शंभरदा केलं तेच केलं. पिशवी उचलली, "राहू द्या मग," म्हटलं आणि दारातून बाहेर पडले. प्राची आत कॉफी पीत बसली होती. तिला मुद्दाम हाक मारली नाही. माणूस मागे ठेवला की बोलावणं सोपं जातं.

उतारावरून हळूहळू चालले. बाजारात पाचव्या पावलाला हाक येते, "ओ ताई, या तर खरं!" फार अडेल व्यापारी असला तर पुढच्या दुकानापाशी. मी पाचाची पन्नास पावलं केली. चपलेचा बंद बसवायच्या निमित्तानं थांबले. एका भिंतीवरची फुलं बघितली. दोन वळणं उतरले. हाक नाही. चर्चसमोरच्या बाकावर बसले. एक मांजर आलं, बघून गेलं. तासभर गेला. डोंगरातला वारा शालीतून आत शिरायला लागला, शेवटची बस चारची होती आणि माझी भाची वर होती.

चढ चढून परत गेले तेव्हा घामाघूम. दारात लुचिया टेबल पुसत होती.

प्राची म्हणाली, "आलीस? एत्तोरे म्हणाले, बाई फिरायला गेल्यात, जेवायला येतील. तुझं ताट मांडून ठेवलंय."

"तुला माझ्यामागे यायला काय झालं होतं?"

"तू भाव करत होतीस ना? मला वाटलं, मध्ये पडू नये."

त्या घरात मी सौदा मोडून गेले हे कुणालाच कळलं नव्हतं! माझी आयुष्यभराची सगळ्यात मोठी चाल त्यांनी फेरफटका समजली. जेवण मक्याच्या पिठाचं होतं, तांब्याच्या पातेल्यात दांड्यानं घोटून घोटून घट्ट केलेलं, वर वितळलेलं चीज. आपल्या घट्ट पिठल्याचं गोरं भावंड. चांगलं होतं. मी रागानं दोनदा घेतलं आणि लुचियानं सांगितलेला आकडा मुकाट कबूल केला.

दुपारी एत्तोरेनं कोठी दाखवली. प्रत्येक वनस्पती वेगवेगळ्या बरणीत मुरवतो. एकत्र करतो ते शेवटी, थेंबाथेंबानं. संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग खरवडून टाकतो, कारण त्याचा कडू निराळा, तो घशाला धरतो. सगळ्यात वर माळा होता. तिन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांच्या झडपा, दोऱ्यांवर झाडपाल्याच्या जुड्या, एकमेकींना न चिकटणाऱ्या, आणि आरपार वारा. मी तिथे उभी राहून दीर्घ श्वास घेतला. गवताचा वास, फुलांचा वास. काहीतरी कमी वाटत होतं, काय ते कळेना.

त्यानं विचारलं, तुम्ही मात्रा कशी ठरवता? मी त्याच्याकडचा एक सपाट दगडी फरशीचा तुकडा घेतला, थेंबभर पाणी टाकलं आणि त्याच्याच कोठीतलं वेखंडाचं मूळ गोल फिरवून दाखवलं. "एक वेढा, दोन वेढे. महिन्याच्या बाळाला एवढंच. मोठं झालं की वेढे वाढवायचे." म्हाताऱ्यानं माझ्या हातातून मूळ घेतलं, स्वतः फिरवलं, बोट बुडवून चाखलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. लुचियाला हाक मारून म्हणाला, बघ, वजनकाटा न घेता!

एवढं जमल्यावर मी पुड्या उघडल्या. वाटलं, झालं काम.

वेखंड: बरं आहे. ईडलिंबाची साल: सुरेख, पुन्हा हुंगली. किराईत: भुवया वर, मग खाली. गुळवेलीचा तुकडा त्यानं नाकाशी धरला, सुरीनं वरची साल सोलली, आतला गाभा हुंगला, पुन्हा साल हुंगली. मग एक शब्द बोलला. "फूमो."

प्राचीनं तो तुकडा स्वतः हुंगून पाहिला.

"काय म्हणाला?"

"आत्या, तो म्हणतोय धूर."

"कसला धूर?"

"तुझ्या मालाला धुराचा वास आहे म्हणतोय. चुलीच्या."

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मराठीत बोलले, पण भाषांतराची गरज पडली नाही. म्हातारा शांतपणे उठला आणि एक बाटली घेऊन आला. रेवाचिनीचा अमारो. ओतून दिला. त्याला स्वच्छ धुराचा वास होता, ओल्या लाकडाचा. तो म्हणाला, हे मूळ विस्तवावर वाळवतात, इथे धूर आम्हाला हवा आहे, म्हणून आहे. मग माझ्या गुळवेलीचे दोन तुकडे त्यानं कोमट पाण्यात टाकले, एक सालीसकट आणि एक सोललेला, आणि वर बशी झाकली. सकाळी बघू म्हणाला.

सकाळी त्यानं बशी उचलली. मी वाकले. तोच वास. माझ्या गोदामाचा, माझ्या दुकानाचा, दिवाळीला नवी साडी नेसले तरी अंगाला येणारा वास. मी इतकी वर्षं त्याला काष्ठौषधीचा वास समजत होते. नाशिकच्या बाजारात सगळेच समजतात. ज्याला तो वास नाही तो माल शिळा म्हणून आम्ही परत पाठवतो. दुसऱ्या ग्लासात, सोललेल्या तुकड्याच्या पाण्यात, नुसती गुळवेल होती. कडू, हिरवी, किंचित गोडसर. एवढ्या वर्षांत मी तिला कधी हुंगलंच नव्हतं.

म्हणजे शेठ बरोबर होता. नेमका तोच माणूस, आणि नेमका तेवढ्या बाबतीत बरोबर.

मी चिठ्ठी मागितली. शेवटचा प्रयत्न म्हणून म्हटलं, नुसतं 'वनस्पती अस्सल' एवढं लिहा. ते खोटं नाही. एत्तोरेनं मान हलवली. लुचिया बापावर ओरडली, लिहून दे की, बाई एवढ्या लांबून आली! तो म्हणाला, माझी सही बाटलीवर जाते. आणि मला रेवाचिनीची बाटली फुकट दिली. मी घेतली. फुकट मिळालेलं नाकारण्याइतका राग मला कधीच येत नाही.

पेठ

परतले तेव्हा हस्ताचा पाऊस चालू होता. विमानातच ठरवलं होतं की हा राग कुणावर काढायचा. जीप केली आणि थेट पेठच्या पलीकडे यमुनाबाईच्या पाड्यावर गेले. यमुनाबाई त्या तीस बायकांची म्होरकी. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, अंगानं काडी, जिभेनं चाबूक.

घरात शिरले आणि वर बघितलं. चुलीवरच्या मचाणावर गुळवेलीच्या जुड्या टांगलेल्या, काळपट, चकचकीत. खाली भाकरी भाजत होती आणि धूर सरळ जुड्यांत शिरत होता. दरवर्षी हे दृश्य मी पाहिलं होतं.

"यमुनाबाई, हे काय आहे?"

"गुळवेल हाय. दुप्पट सांगितली ना तुमी."

"धुरावर का वाळवता? सगळ्या मालाला धूर लागतो! माझं नाक कापलं गेलं तिकडं परदेशात!"

तिनं भाकरी उलटली. "बसा आक्का, आधी पानी पिया."

"पाणी नको. धुरावर टांगायला सांगितलं कुणी?"

"तुमी."

"मी?"

"मंग कोन? माझी सून नवी व्हती त्या साली. आमी पडवीत वाळवलेला माल आनला, त्याला बुरशी लागली व्हती. तुमी भर बाजारात गोनी उपडी केली. लोकं बघत व्हती. आन वरडला, चुलीवर टांगा, काय बी करा, पन बुरशीचा माल मला दावू नका. तवापासून आमी टांगतो. आमाला काय हाऊस हाय का? डोळं चुरचुरत्यात सगळ्यांचं."

मला आठवलं. गोणी आठवली, रस्त्यावर पसरलेले तुकडे आठवले, आणि ते गोळा करायला खाली बसलेल्या दोघी बायका. त्यातली एक ही असणार. तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते, की धाक बसला.

यमुनाबाईनं भाकरी तव्यावरून उतरवली. "आता ह्यो माल न्हेनार का नाय, त्ये सांगा. बाया इचारतील."

"नेणार."

"ठरल्या भावानं?"

"ठरल्या भावानं."

"धुरासकट?"

"हो बाई, धुरासकट!"

मग आम्ही किराईतीचं बोलणं केलं. ती अजून रानात उभी होती, पावसानंतरच कापायची. ती तरी घरात न नेता वाळवायची असं ठरलं. यमुनाबाई म्हणाली, भाताच्या खळ्यावर माचा बांधू, वरून ताडपत्री, खालून वारा. ताडपत्र्या मी पाठवल्या. इटलीतला माळा मी तिला हातानं हवेत काढून दाखवला, ती म्हणाली, "आमची कांद्याची चाळ बघितली नाय का त्यांनी?" पट्ट्यांच्या झडपा, आरपार वारा. खरंच की! सायखेड्यात माझ्या माहेरी दारातच कांद्याची चाळ होती. दोन विमानं बदलून जाऊन मी ती नव्यानं बघून आले होते.

पुन्हा काचेचं दालन

दिवाळीला आठ दिवस उरले असताना शेठकडे गेले. एत्तोरेनं शिकवलं तसे वेगवेगळे अर्क त्यांच्याच ब्रँडीत मुरवून नेले होते. खळ्यावर वाळलेली पहिली किराईत, ईडलिंबाची खरवडलेली साल, वेखंड, आणि यमुनाबाईची गुळवेल. सल्लागार तोच होता, शर्ट निराळा.

धंद्यात मी एक गोष्ट कधी केली नव्हती. आपल्या मालाची खोट आपल्या तोंडानं, तीही भाव ठरायच्या आधी, सांगितली नव्हती. त्या दिवशी ग्लास नाकाशी जायच्या आत म्हणाले, "शेठ, गुळवेलीला धुराचा वास आहे. तुम्ही श्रावणात म्हणालात तो. काढ्याचा नाही, चुलीचा. पावसाळ्यात ती तशीच वाळते. किराईतीला तो नाही, तपासून घ्या."

"म्हणजे मी बरोबर होतो!" शेठ खुर्चीत रेलले.

"वास ओळखलात. कशाचा ते नाही ओळखलंत. आणि माझ्या नाकाबद्दल जे बोललात ते चारचौघांत बोललात. ते तसंच परत घ्या, चारचौघांत. मग पुढचं बोलू."

सल्लागार ग्लासात बघायला लागला. शेठ हसले, पण या वेळी एकटेच. मग म्हणाले, "बरं ताई, घेतलं परत."

किराईत त्यांना आवडली. ईडलिंबाच्या सालीवर तर सल्लागार बराच वेळ बोलला, इंग्रजीतून. गुळवेलीचा घोट त्यानं दोनदा घेतला. मी एत्तोरेची धुरकट बाटली दाखवली, त्यांनी चाखली, छान म्हणाले, आणि तरी आपल्या अमारोत धूर नको म्हणाले. मी जोर लावला. मालाच्या बाजूनं आणि माझ्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. नाही जमलं. किराईत, साल, वेखंड घेतलं, गुळवेल राहिली. इटलीचा तयार अर्क मात्र येणार नाही, एवढं नक्की करून घेतलं.

घरी पोचते तोच यमुनाबाईचा फोन. डोंगरावर एका ठरावीक दगडापाशीच रेंज येते, म्हणजे ती तिथे वाट बघत उभी असणार.

"आक्का, माल पास झाला का?"

"किराईत पास झाली."

"आन गुळवेल?"

"नापास."

मग ती म्हणाली, "बायांना काय सांगू? आमची नापास झाली म्हनू?"

"तुमची नाही. माझी झाली. असंच सांग त्यांना, आक्काची गुळवेल नापास झाली. पैसे ठरल्याप्रमाणे."

"असं नीट सांगा की." ती पुढे म्हणाली, "मंग ऐका. आता तुमी आमच्यावर वरडायचं नाय. या साली बी नाय आन पुढल्या बी नाय."

"पुढल्या साली नाही," मी म्हणाले. "यंदाचं राहू दे."

"दोन्ही साली, आक्का."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

"करा इचार," यमुनाबाई म्हणाली, "मी हितंच उबी हाय."